ऐकू येत नाही म्हणून लुंबिनी दूर नाही

पावसाळा सरला की आपल्या वस्त्यांमध्ये यात्रेची बोलणी सुरू होतात. सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी. विहारात वही ठेवली जाते, नावे लिहिली जातात, महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे पैसे जमा होतात. आजीचे नाव लिहिले जाते, सुनेचे लिहिले जाते, कडेवरच्या नातवाचेही लिहिले जाते. पण घरात ऐकू न येणारी मुलगी किंवा मुलगा असला, तर नेमके तेवढे नाव राहून जाते. कोणी वाईट बुद्धीने गाळत नाही. "तिला काय कळणार? गर्दीत हरवली म्हणजे? परदेश आहे बाबा तो!" एवढे बोलले की विषय संपतो. घराची किल्ली तिच्या हाती देऊन बाकीचे सगळे गाडीत बसतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्हांला या किल्ली सांभाळणाऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे. कर्णबधिर माणसाला परदेश झेपतो का? आमचे उत्तर आहे, झेपतो. फक्त ऐकणाऱ्याची तयारी आयत्या वेळी झाली तरी चालते, न ऐकणाऱ्याची तयारी आधी आणि कागदावर व्हावी लागते. शिवाय ती तयारी त्याने स्वतः करावी, घरच्यांनी मदत करावी.

पहिला परदेश म्हणून लुंबिनीच का? आपल्या कष्टकरी घरांतल्या बहुतेकांचा पहिला परदेश तोच असतो. भारतीय नागरिकाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौली, आणि कमान ओलांडली की नेपाळ. पलीकडे चार-पाच किलोमीटरवर भैरहवा आणि तिथून वीस-बावीस किलोमीटरवर लुंबिनी. दुसरी मोठी सोय लिपीची. नेपाळी भाषा आपल्याच देवनागरीत लिहितात. दुकानाची पाटी, बसची पाटी, रस्त्याचा फलक सारे वाचता येते. आपण हिंदीत लिहिलेली चिठ्ठी तिथला माणूस वाचू शकतो. ज्याचा सारा व्यवहार डोळ्यांवर चालतो, त्याला याहून सोपा परदेश कोणता?

आता तयारीकडे वळू.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. विमानाने नेपाळला जाणाऱ्या भारतीयाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. जमिनीच्या मार्गाने जातानाही यांतले एक जवळ असावेच. अपंगत्वाचे यूडीआयडी कार्ड सोबत घ्यावे, पण ते या ओळखपत्रांच्या जागी चालेल असे धरू नये. आणि आमचे कळकळीचे सांगणे असे की, हे कागद तिच्या स्वतःच्या पिशवीत ठेवा. आपल्याकडे साऱ्या घराची ओळखपत्रे बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या बॅगेत असतात. ऐकणारा माणूस चुकला तर तोंडाने नाव-गाव सांगेल. कर्णबधिर माणूस चुकला आणि कागद भावाकडे राहिले, तर त्याच्याजवळ आवाजही नाही आणि कागदही नाही.

त्याच पिशवीत पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा ठेवावा. एका बाजूला हिंदीत, 'मुझे सुनाई नहीं देता, कृपया लिखकर बताइए.' दुसऱ्या बाजूला नेपाळीत, 'म बहिरा हुँ, कृपया लेखेर भन्नुहोस्.' खाली नाव, रक्तगट, चालू असलेले औषध, मुक्कामाचा पत्ता आणि यात्राप्रमुखाचा मोबाईल नंबर. कार्ड प्लास्टिकमध्ये घालून घ्यावे. खर्च जेमतेम दहा-वीस रुपयांचा.

रेल्वेचे तिकीट काढण्याआधी सवलतीची चौकशी करावी. ऐकू न येणे आणि बोलता न येणे अशा दोन्ही अडचणी असलेल्या प्रवाशाला दुसऱ्या वर्गात आणि स्लीपरमध्ये निम्म्या भाड्याची सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच मिळते. त्यासाठी रेल्वेचे सवलत ओळखपत्र आधी काढावे लागते. तत्काळ तिकिटावर सवलत मिळत नाही, म्हणून हे काम दोन-तीन महिने आधीच हाती घ्यावे.

प्रवासात खरा घात होतो तो तोंडी सूचनांनी. 'गाडी दुसऱ्या फलाटावर येत आहे' हे भोंग्यातून एकदाच सांगतात. डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतात दाट धुके असते, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात आणि बदल रात्री-अपरात्री होतात. शिवाय धुक्यात आणि अंधारात हातवारे दिसत नाहीत. म्हणून शक्य तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च निवडावा. परतीच्या वाटेवर मनमाड किंवा नाशिकला पहाटे उतरायचे असेल तर मोबाईल थरथरण्यावर लावून उशाखाली ठेवावा. रेल्वेची स्टेशन येण्याआधी उठवण्याची सोय फोनच्या आवाजावर चालते, ती इथे कामाची नाही. त्यापेक्षा समोरच्या बाकावरच्या प्रवाशाला चिठ्ठी दाखवून ठेवावी. लोक आनंदाने उठवतात.

सोनौलीचा नाका गर्दीचा. ट्रक, सायकलरिक्षा, पायी जाणारे, सारे एकाच रस्त्याने. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान, पलीकडे नेपाळचे पोलीस. जवानाने मागून 'रुको' म्हटले आणि माणूस तसाच चालत राहिला, तर संशय येणारच. म्हणून नाक्याजवळ आल्यावर चाल मंद करावी, कार्ड हातात धरावे आणि जवानाकडे बघतच पुढे जावे. घाईने खिशात वा पिशवीत हात घालू नये.

तरुण मुलीच्या बाबतीत आणखी एक. या सीमेवरून मुलींना फसवून पळवण्याचे प्रकार झाले आहेत, त्यामुळे पोलीस आणि स्वयंसेवी संस्थांचे लोक तरुण मुलींना थांबवून विचारपूस करतात. ते योग्यच आहे. अशा वेळी मुलगी गप्प आणि तिच्या वतीने सोबतचा पुरुषच बोलतो आहे, असे दिसले तर चौकशी लांबते. वडिलांनी वा भावाने एक पाऊल मागे व्हावे. तिला कागद-पेन काढू द्यावे. 'आम्ही कुठून आलो, कुठे चाललो, हे माझे वडील' हे तिने स्वतः लिहावे. घरात पाहुण्यांसमोर याची सवय आधीपासून करावी.

पलीकडे गेल्यावर तीन गोष्टी बदलतात, आणि त्या तिला आधी लिहून द्याव्यात. पहिली, घड्याळ पंधरा मिनिटे पुढे जाते. दुसरी, तिथे विक्रम संवत चालते. साल आपल्या इसवी सनाच्या छप्पन-सत्तावन्न वर्षे पुढे असते आणि महिनाही आपल्या इंग्रजी महिन्याच्या मध्यावर बदलतो. तिकिटावरची तारीख पाहून गोंधळू नये. तिसरी, पैसे. आपल्या १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. दुकानदार भाव सांगताना भारतीय रुपयांना 'आय.सी.' आणि नेपाळी रुपयांना 'एन.सी.' म्हणतात. ते ऐकू आले नाही तर हिशेब फसतो. तेव्हा आकडा लिहून घ्यावा आणि पुढे आय.सी. की एन.सी. हेही लिहून घ्यावे. नोटा शंभराच्या आणि त्याखालच्या न्याव्यात, मोठ्या नोटांची कटकट नको.

मोबाईलचेही तसेच. आपले सिम तिथे रोमिंगशिवाय चालत नाही. तुम्हा-आम्हाला दोन दिवस फोन नसला तरी चालते. खुणांची भाषा बोलणाऱ्याला मात्र व्हिडिओ कॉल हाच फोन आणि लेखी निरोप हाच आवाज. रोमिंग निघण्याआधीच चालू करून घ्यावे, किंवा भैरहव्यात ओळखपत्र दाखवून सिम घ्यावे. यात्रेच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप लिहूनच टाकावेत, बोलून टाकलेला निरोप तिच्यासाठी कोरा कागद आहे. कानाचे यंत्र असेल तर बॅटऱ्या दुप्पट घ्याव्यात.

नेपाळात कर्णबधिर माणसे भेटली तर त्यांची खुणांची भाषा आपल्यासारखीच असेल असे समजू नये. तिथे देवनागरी अक्षरे एका हाताने दाखवतात. आपल्याकडे बरेच जण इंग्रजी अक्षरे दोन हातांनी दाखवतात. तरी घाबरायचे कारण नाही. खुणांवर जगणारी दोन माणसे भेटली की वाट काढतात. आपण दोन ऐकणारे परभाषक मात्र तोंडाकडे बघत बसतो.

आता यात्राप्रमुखांसाठी. बस थांबली की "पाच वाजता इथेच या" असे तुम्ही ओरडता आणि पंचेचाळीस माणसे उतरतात. एक लहान फळा सोबत ठेवा. त्यावर वेळ आणि जागा लिहून बसच्या दाराशी धरा. तुमच्या आज्यांनाही त्याचा उपयोग होईल, त्यांनाही भोंग्यापुढे कुठे ऐकू येते? मायादेवी मंदिरात चपला बाहेर काढाव्या लागतात, आत फोटो काढू देत नाहीत. हे आधी लिहून कळवा, म्हणजे कोणी अंगावर ओरडणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्थळाची माहिती. अशोकस्तंभापाशी गाईड अर्धा तास बोलतो, सगळे माना डोलावतात आणि ती एकटी दगडाकडे बघत उभी राहते. तिने इतके पैसे आणि इतके दिवस घातले ते यासाठी का? माहितीचे एक पान निघण्याआधीच तिला द्या. स्तंभावरचा लेख ब्राह्मी लिपीत आहे. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी सम्राट अशोक स्वतः इथे आला, इथे बुद्ध जन्मले म्हणून त्याने हा स्तंभ उभारला आणि लुंबिनी गावाचा कर कमी करून उत्पन्नाच्या आठव्या भागावर आणला, असे त्यात आहे. हा लेख १८९६ साली उजेडात आला आणि जन्मस्थळाची जागा पक्की झाली. १९९७ पासून लुंबिनी जागतिक वारशाच्या यादीत आहे. एवढे वाचून गेलेली मुलगी त्या स्तंभापुढे उभी राहिली, तर तिला गाईडची गरज उरत नाही. उलट शेजारच्या काकूंनाच ती बोटाने ओळी दाखवील.

यात्रा कमिट्यांना आमची एवढीच विनंती आहे. निघण्यापूर्वीच्या एका रविवारी सगळ्या यात्रेकरूंना एकत्र बसवा आणि दहा खुणा शिकून घ्या. थांबा, चला, पाणी, जेवण, आजारी, किती वाजता, कुठे, हरवले, मदत, ठीक आहे. तासाभराचे काम आहे. मास्तर बाहेरून आणायला नको. शिकवणारी तुमच्याच वस्तीत आहे, तिला फक्त पुढे बसवा.