सावड म्हणजे अंगठा नव्हे

नवं उत्पादन बाजारात आणायचं तर आधी व्हॉट्सॲपवरच्या उद्योजकांच्या गटांत शिरा, ओळखी वाढवा आणि लाँचच्या दिवशी सगळ्यांकडून अंगठे, मतं, शेअर मागून घ्या, हा सल्ला आता वाशिम जिल्ह्यातल्या बचत गटांनाही मिळू लागला आहे. सल्ला देणारे त्याला आपल्या मातीतल्या शब्दाचा आधार देतात. म्हणतात, ही तर आपली सावडच झाली. आज मी तुझ्या मालाला अंगठा देतो, उद्या तू माझ्या मालाला दे.

हा आधार मला मान्य नाही. मालेगाव तालुक्यातल्या जऊळक्याच्या जुन्या शेतकऱ्याला सावड म्हणजे काय ते विचारा. सावडीला आलेला माणूस आपली बैलजोडी घेऊन दुसऱ्याच्या वावरात उतरतो, दिवसभर तासामागून चालतो. ओल कुठवर आहे, हराळी कुठे माजली आहे, हे संध्याकाळपर्यंत त्याच्या तळपायांना कळलेलं असतं. अंगठा देणाऱ्याने मात्र मालाचं पाकीटही हातात घेतलेलं नसतं. नुसत्या परतफेडीने सावड होत नाही, तिच्यात काम व्हावं लागतं.

पहिल्या दिवशीच्या गर्दीने चार नव्या लोकांची नजर मालाकडे वळते, एवढं त्या सल्ल्यात खरं आहे. पण ज्या व्यासपीठांवरून ही रीत आपल्याकडे आली, त्यांतलं सगळ्यात नावाजलेलं ‘प्रॉडक्ट हंट’ 2013 साली रायन हूव्हर यांनी नव्या उत्पादनांची माहिती देणाऱ्या साध्या ईमेलमधून सुरू केलं. तिथेही मतांची भीक मागू नका, लोकांना वापरून बघायला आणि अभिप्राय द्यायला बोलवा, असंच सांगितलं जातं. मागून घेतलेली मतं पुढे खेळ बिघडवतात, हे त्यांनाही अनुभवाने कळलं.

माझ्या पाहण्यातलं एक उदाहरण सांगतो. जऊळक्याकडच्या एका ताईंनी गटात तूरडाळीचं पाकीट दाखवलं. खाली अंगठ्यांची, फुलांच्या गुच्छांची रांग लागली. त्या रांगेत पुण्याच्या एका बाईंनी मात्र लिहिलं, ‘‘चव चांगली आहे, पण दोन शिट्ट्या जास्त लागल्या. आणि पाकिटावर भरल्याची तारीख नाही.’’ काहींना हा अपमान वाटला. ताईंनी तेवढंच विचारलं, ‘‘तुमच्याकडं बोअरचं पाणी हाये का?’’ होतं. क्षारांच्या पाण्यात डाळ उशिरा शिजते. पुढच्या खेपेला पाकिटावर तारीख आली आणि ‘अर्धा तास भिजू घाला’ ही ओळही आली. त्या बाई आजही तिथूनच डाळ मागवतात. या दोघी एकमेकींना कधीच भेटलेल्या नाहीत.

म्हणूनच ‘मोबाइलवरची ओळख ती काय ओळख, माणूस समोर लागतो’ हे म्हणणंही मला पटत नाही. जऊळक्याला रेल्वे स्टेशन आहे, पण डाळीच्या चार पोत्यांसाठी मुंबईचं प्रदर्शन गाठणं प्रत्येक बाईला जमत नाही. भेट झाली की नाही, यापेक्षा खरं बोलणं झालं का, हे मला मोठं वाटतं.

खरं बोलणं ऐकून घेण्याचं एक जुनं उदाहरण बघा. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ‘लिज्जत’ची ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांनी देणगी घ्यायची नाही असं ठरवलं होतं, ते मात्र फार कुणी सांगत नाही. सुरुवातीला हलक्या प्रतीचा स्वस्त पापडही त्या करत होत्या. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेख यांनी प्रतीत तडजोड करू नका, हिशेब चोख ठेवा, असं त्यांना बजावलं आणि बायकांनी ते ऐकलं. न चाखता दिलेला अंगठा ही मला तशीच देणगी वाटते. घेणाऱ्याला त्यातून पापड जाड झाला की पातळ, हे कधीच कळत नाही.

तेव्हा आज संध्याकाळी तुमच्या गटात कुणी नवं पाकीट दाखवलं, तर अंगठा थोडा थांबवा. अर्धा किलो मागवा, पैसे द्या, शिजवा आणि कसं झालं ते त्या ताईंना लिहून कळवा.