पंचाण्णवावा मृतदेह

ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकथा हे प्रकार आपण सहसा स्वतंत्र घटकांत अभ्यासतो. हरि नारायण आपटे यांना वाङ्मयेतिहासात मानाचे स्थान मिळते. बाबूराव अर्नाळकर यांची मात्र ‘रंजनपर’ या एका विशेषणावर बोळवण होते. इंग्रजी कादंबरीकार एडिथ पार्जेटर (१९१३-१९९५) यांची लेखनवाटचाल पाहिली, की ही विभागणी किती तकलादू आहे हे ध्यानात येते.

श्रॉपशायर परगण्यात जन्मलेल्या पार्जेटर यांनी उमेदीच्या काळात औषधांच्या दुकानात सहायक म्हणून काम केले. पुढे त्यांचे लेखन दोन प्रवाहांत विभागले गेले : स्वतःच्या नावाने ऐतिहासिक कादंबऱ्या आणि ‘एलिस पीटर्स’ या टोपणनावाने समकालीन रहस्यकथा. १९७७ मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, हे प्रवाह एकत्र आले आणि ब्रदर कॅडफेल ही व्यक्तिरेखा अवतरली. १९९४ पर्यंत या मालिकेत २० कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. बाराव्या शतकातील श्रूसबरीच्या मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा कॅडफेल पूर्वाश्रमीचा सैनिक आहे. वनस्पती, जखमा आणि मनुष्यस्वभाव यांची जाण हीच त्याची तपासाची साधने होत.

‘वन कॉर्प्स टू मेनी’ (१९७९) या कादंबरीचे उदाहरण घेऊ. ११३८ मध्ये राजा स्टीफनने श्रूसबरीचा किल्ला जिंकून तेथील शिबंदीला फाशी दिले, हा इतिहास आहे. कादंबरीत फाशी गेलेल्यांची संख्या ९४ आहे. परंतु दफनापूर्वी कॅडफेल मृतदेह मोजतो, तेव्हा ते ९५ भरतात. राजाज्ञेने झालेल्या संहाराच्या आड कोणीतरी आपला खून लपवलेला असतो. ९४ मृत्यूंचा जाब राजाला विचारता येत नाही. पंचाण्णवाव्यासाठी मात्र न्याय मागता येतो. ही विसंगती वाचकाला अस्वस्थ करते. येथे रहस्य हा इतिहासावर चढवलेला अलंकार नसून, सत्तेने केलेली हत्या आणि व्यक्तीने केलेला खून यांतील भेद तपासण्याचे ते साधन आहे.

कॅडफेलची सहिष्णुता आधुनिक वाटते, असा आक्षेप घेता येईल आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि या कादंबरीतील अंतिम निवाडा आधुनिक न्यायालयात होत नाही. तो तत्कालीन प्रथेप्रमाणे द्वंद्वयुद्धाने होतो. नायकाला आपल्या काळाजवळ आणणारी लेखिका न्यायव्यवस्थेला मात्र तिच्याच काळात ठेवते.

म्हणून ऐतिहासिक कादंबरीचे मूल्यमापन करताना केवळ राजे, लढाया आणि सनावळी यांच्या अचूकतेपाशी थांबू नये. मोजणीत हरवलेल्या माणसाची दखल त्या कादंबरीने घेतली आहे काय, हा प्रश्नही विद्यार्थ्यांनी आवर्जून विचारावा.