नाण्यावरची रडणारी बाई

मागे ऑनसाइट लंडनला होतो तेव्हा शनिवारी ब्रिटिश म्युझियममध्ये भटकायचा नाद लागला होता. रोमन नाण्यांसमोर तर तासन् तास जायचे. त्यातलं सेस्टर्शियस हे नाणं चांगलं २५ ग्रॅमच्या आसपास, तळहातावर मावेल एवढं. खरं तर ते पितळेचं, पण संग्राहक सरसकट ब्रॉन्झच म्हणतात. असो.

नीरोच्या एका नाण्यावर जेनसच्या देवळाची बंद दारं आहेत. रोम कुठेच लढत नसेल तेव्हाच ही दारं लावायची पद्धत. भोवती मजकूर: जमिनीवर आणि समुद्रावर शांतता मिळवली, म्हणून जेनसचं दार लावलं. नाणं साधारण इ.स. ६५चं. आणि ६६ साली ज्युडियात बंड पेटलं! क्लायंटला पाठवलेल्या स्टेटस रिपोर्टमध्ये सगळं हिरवंच असतं, त्यातलाच प्रकार.

ते बंड मोडायला नीरोने व्हेस्पेशियनला पाठवलं. पुढे तोच सम्राट झाला. ७० साली त्याच्या मुलाने, टायटसने, जेरुसलेम घेतलं, तिथलं मंदिर जळालं. ७१च्या सेस्टर्शियसवर खजुराचं झाड, त्याखाली डोकं हाताला टेकून बसलेली बाई. शेजारी कधी हात बांधलेला कैदी, कधी खुद्द सम्राट. अक्षरं: 'ज्युडिया काप्टा', ज्युडिया जिंकला.

संग्राहक या नाण्यावर जीव टाकतात. कोरीवकाम सुरेखच आहे, वादच नाही. पण 'काय सुंदर आहे' एवढं म्हणून पुढे जाणं मला पटत नाही. आणि 'हा सगळा सरकारी प्रचार' म्हणून झटकून टाकणंही. सोन्याचं नाणं मोजक्यांच्या हाती. हे मात्र बाजारात फिरणारं. हरलेल्या माणसालाही कधीतरी भाजीपाला घेताना स्वतःचंच रडणं मोजून द्यावं लागलं असेल ना?

त्याला उत्तरही मिळालं. १३२ ते १३५च्या बार कोखबाच्या बंडात ज्यूंनी चलनातली जुनी नाणी घेतली, ब्रॉन्झची चक्क कानशीने घासली आणि त्यांवरच आपले छाप मारले. त्यांतल्या काहींवर पुन्हा तेच खजुराचं झाड आहे. खाली रडणारी बाई मात्र नाही!

तेही बंड रोमने चिरडलं. म्हणून म्हणतो, म्युझियममध्ये गेलात तर दोन्ही नाणी शोधून बघा. एकच बघितलंत तर जिंकणाऱ्याचीच गोष्ट ऐकून घरी याल.