गोळीला पत्ता ठाऊक नसतो

“गुडघा दुखतोय ना? मग ही गोळी घ्या, आजी!” जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत असा सल्ला रोज मिळतो. देणारी शेजारीण मायेने देते. नाक्यावर गोळी मिळते, चिठ्ठी कोणी मागत नाही. माझ्या आजीने ती गोळी चार महिने घेतली. गुडघेदुखी थांबली, पण एके दिवशी शौचास डांबरासारखे काळे झाले. जठरात रक्तस्राव झाला होता.

दुखणे गुडघ्याचे, मग घाव पोटावर का? कारण गोळी रक्तात मिसळून सर्वांगात फिरते. तिला गुडघ्याचा पत्ता ठाऊक नसतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. ही द्रव्ये सांध्यात सूज आणि वेदना वाढवतात. पण तीच जठराच्या अस्तराचे रक्षण करतात व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. गुण आणि अपाय ही एकाच कृतीची दोन फळे! गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे त्यांची शवे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. अखेर २००६ साली भारतात गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली.

इतर औषधांनाही हाच न्याय. सर्दीवरचे क्लोरफेनिरामिन हिस्टामिनला अडवते. मेंदूला जागे ठेवण्यातही हिस्टामिनचा हात असतो, म्हणून तासाला डुलकी लागते. प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर आतड्यातले उपकारक जंतूही मारतात, म्हणून जुलाब होतात. स्टिरॉइडे सूज उतरवतात ती प्रतिकारशक्तीला आवर घालून. त्यामुळे जंतुसंसर्गाला वाट मोकळी होते.

म्हणून औषधेच टाकावीत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. डॉक्टरांची फी परवडत नाही, इस्पितळाच्या रांगेत दिवसाचा रोज बुडतो, हेही खरे. शेजारणीला दोष देऊन काय साधणार? दोष आपल्या न विचारण्याचा आहे. गोळीचे नाव काय, ती किती दिवस घ्यायची, कोणाला चालत नाही, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

मित्रहो, आपण कलाशाखेचे. रसायनशास्त्र आपला विषय नव्हे. पण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पाकिटावरची इंग्रजी अक्षरे वाचू शकणारे आपणच असतो. त्यावर तांबडी उभी रेघ दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते औषध घेऊ देऊ नका. आजीच्या गोळ्यांच्या पाकिटावरही ती रेघ होती. घरात मी होते. मी वाचले नव्हते.