आधी पाणी, मग परवाना

तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला नाही, तर उतारा घसरू लागतो. त्यामुळे उसावरचा इथेनॉल प्रकल्प शिवारापासून लांब नेता येत नाही. तो साखर कारखान्याला खेटूनच उभा राहतो. मळी तिथेच मिळते, बॉयलरला बगॅसही तिथेच. मक्याचे तसे नाही. तो पोत्यात भरून गोदामात ठेवता येतो, दोन जिल्हे ओलांडून आणता येतो. बिहारमध्ये पूर्णियाला 2022 साली धान्यावरचा प्रकल्प सुरू झाला, तो त्या पट्ट्यात मका मुबलक पिकतो म्हणून. पानिपतला त्याच वर्षी सुरू झालेल्या इंडियन ऑइलच्या प्रकल्पाला वर्षाकाठी दोन लाख टन भाताचा पेंढा लागतो. पेंढा वजनाला हलका पण जागा खाणारा, आणि कापणीनंतर काही आठवड्यांतच तो गोळा करावा लागतो.

जागा ठरवताना हा हिशेब सगळेच मांडतात. पाण्याचा मात्र कागदावरच राहतो. ऊस आहे म्हणून कारखाना येतो हे जितके खरे, तितकेच कारखाना आला की त्याच्यामागे भरपूर पाणी पिणारा ऊस वाढतो हेही खरे. मराठवाड्याने हे भोगले आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. हमखास गिऱ्हाईक असलेले पीक तो घेणारच. अशा भागात इथेनॉलची क्षमता वाढवणे म्हणजे उसाची मागणी आणखी पक्की करणे होय.

शिवाय मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश (आसवनीचे सांडपाणी) निघतो. तो विहिरीत झिरपला की गावाचे पिण्याचे पाणी गेले. आसवनीच्या सांडपाण्याचा धोका असा असताना जून 2021 मध्ये केंद्राने, सांडपाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवर, इंधन-इथेनॉलच्या धान्यावरच्या आसवन्यांना ठरावीक मुदतीपुरती जनसुनावणीतून सूट दिली. घाई कोणाची आणि किंमत कोणाची? पंजाबातील झिरा येथे भूजलाच्या तक्रारीवरून गावकरी महिनोन्‌महिने धरणे धरून बसले, तेव्हा जानेवारी 2023 मध्ये मुख्यमंत्र्यांनी तिथली इथेनॉलची आसवनी बंद करण्याचे आदेश दिले. ते गाऱ्हाणे ऐकण्याची वेळ पाया खणण्याआधीची होती.

राज्याने दुष्काळी तालुक्यांत उसावरच्या नव्या आसवन्यांना परवाने देऊ नयेत. आहेत त्या कारखान्यांना मक्याकडे वळवावे. त्यासाठी सहकारी कारखान्यांना केंद्राने मार्च 2025 मध्ये व्याज सवलत योजना आणलीच आहे. आणि प्रत्येक नव्या प्रस्तावासोबत पाच कोसांतल्या विहिरींच्या पाण्याची तपासणी ग्रामसभेपुढे ठेवणे बंधनकारक करावे.