तीन तासांचे मोल

ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध रक्ताची गुठळी विरघळण्याची क्रिया रोखते. अपघातातील जखमींना त्याचा लाभ होतो, हे २०१० मध्ये ‘क्रॅश-२’ चाचणीने सिद्ध केले. ४० देशांतील २०,२११ जखमींच्या या चाचणीत भारतीय रुग्णालयेही सहभागी होती. औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले. हा फरक दिसायला लहान. मात्र २०२२ या एकाच वर्षात भारतात रस्ते अपघातांनी १ लाख ६८ हजारांहून अधिक बळी घेतले.

खरा प्रश्न वेळेचा आहे. तीन तासांनंतर दिलेले औषध अपायकारक ठरू शकते, असे २०११ च्या विश्लेषणात दिसले. दर पंधरा मिनिटांच्या विलंबागणिक लाभ सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असे २०१८ च्या अभ्यासात आढळले. अर्थात, औषध रुग्णवाहिकेतच दिले म्हणजे सर्व साधले, असेही नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व जर्मनीत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुरुवातीचे मृत्यू कमी दिसले, तरी सहा महिन्यांनंतर सुस्थितीत असलेल्यांचे प्रमाण वाढले नाही.

भारतात मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची तरतूद आहे. त्यामुळे पैशाअभावी होणारा खोळंबा टळू शकेल. घटनास्थळापासून पहिल्या इंजेक्शनपर्यंतचे अंतर मात्र रुग्णवाहिकेलाच कापावे लागते.