एक क्रमांक पुरेसा नाही

संकटसमयी पोलीस, अग्निशमन दल वा रुग्णवाहिका यांपैकी कोणाचीही मदत ११२ या एकाच क्रमांकावर मागता यावी, अशी व्यवस्था आपल्या देशात उभी राहिली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ साली या क्रमांकाची शिफारस केली, निर्भया निधीतून पैसा मिळाला आणि २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात सेवेचा आरंभ झाला. महाराष्ट्रातही ती आता कार्यरत आहे. हे पाऊल स्वागतार्ह होय. परंतु नागरिकाची हाक एका ठिकाणी पोहोचली म्हणजे मदतीला धावणारे एकमेकांशी बोलू लागले, असे होत नाही.

न्यूयॉर्क शहरात ९११ हा एकच क्रमांक १९६८ पासून होता. तरीही ११ सप्टेंबर २००१ रोजी काय घडले? जळत्या मनोऱ्यांतून अनेकांनी त्या क्रमांकावर विचारणा केली. इमारत रिकामी करण्याचा निर्णय घटनास्थळी झाला होता. मात्र दूरध्वनी घेणाऱ्यांना तो कळवलाच गेला नव्हता. त्यामुळे अनेकांना ‘आहात तेथेच थांबा’ असाच सल्ला मिळाला. दक्षिण मनोरा कोसळताच उत्तर मनोऱ्यातील जवानांना बाहेर पडण्याचा आदेश देण्यात आला. तो अनेकांच्या रेडिओवर पोहोचला नाही. हा मनोराही पडणार, असा इशारा पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिला गेला. पण अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना तो ऐकू गेला नाही, कारण दोन्ही दलांच्या रेडिओवाहिन्या वेगळ्या होत्या. दोन मनोरे कोसळण्यात २९ मिनिटांचे अंतर होते. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगाने २००४ च्या अहवालात या विसंवादावर बोट ठेवले. पुढे २०१२ साली अमेरिकेने कायदा करून आपत्कालीन सेवांसाठी ‘फर्स्टनेट’ हे राष्ट्रीय संपर्कजाळे उभारण्याचे ठरवले.

हा धडा आम्हांस दूरचा वाटत नाही. वसईपुरते पाहू. पोलीस २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाच्या अखत्यारीत आहेत. अग्निशमन दल महापालिकेचे. १०८ ची रुग्णवाहिका राज्याच्या आरोग्य विभागाची. तर रुळांवर अधिकार रेल्वेचा आणि तिचा मदत क्रमांक १३९. पावसाळ्यात पाणी तुंबते तेव्हा या साऱ्यांना एकाच रस्त्यावर, एकाच वेळी काम करावे लागते. अशा वेळी कोणता मार्ग बंद आहे, कोणते रुग्णालय रुग्ण घेत आहे, हे एका दलास ठाऊक आणि दुसऱ्यास अज्ञात राहिले, तर किंमत रुग्णाला मोजावी लागते.

म्हणून आमच्या मते तीन गोष्टी आवश्यक आहेत: मोठ्या दुर्घटनेसाठी सर्व दलांची एक सामायिक रेडिओवाहिनी, घटनास्थळी सर्वांना मान्य असा एक प्रमुख आणि पावसाळ्यापूर्वी सर्वांचा संयुक्त सराव. यांपैकी शेवटच्या दोहोंना फारसा खर्चही येत नाही. लागते ती आपापल्या खात्याची कुंपणे ओलांडण्याची तयारी. असा सराव शेवटचा कधी झाला, हा प्रश्न नागरिकांनी आपल्या लोकप्रतिनिधींना अवश्य विचारावा. तो विचारण्याची वेळ दुर्घटनेच्या आधीची असते.